सत्तावीस नंबरच्या विहिरीसाठी

आसामातल्या आमच्या तेलाच्या गावाहून मी निघालो त्या सकाळी दाट धुकं होतं. बोरा फोरमन मला सोडायला स्टेशनवर आला होता. त्यानं माझी वळकटी डब्यात टाकली, खिडकीशी उभा राहिला, आणि गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाला, "बाबू, महीने के अंदर." त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. महिना संपला की सत्तावीस नंबरच्या विहिरीवरचा मनोरा उतरवून दुसरीकडे न्यायचा, विहिरीत सिमेंट ओतून तिचं तोंड कायमचं बुजवायचं आणि तिच्यावरच्या टोळीला घरी पाठवायचं, असा मोठ्या साहेबांचा हुकूम झाला होता. बोरा त्या टोळीचा मुख्य. त्याचा बापही याच विहिरींवर काम करता करता म्हातारा झालेला.

मी अमरावतीला रजेवर येतो तेव्हा लोक हसत विचारतात, काय हो देशमुख, तेल काय तुम्ही विहिरीतून शेंदता? शेंदतोच बाप्पा, खोटं कशाला सांगू. तिकडे जमिनीखाली तेलानं भिजलेल्या वाळूचे थर आहेत. आमच्या आधीच्या लोकांनी सत्तावीस नंबर खोदली ती खालच्या जाड थरासाठी. वाटेत एक पातळ थर लागला होता, पण जाड्याच्या घाईत त्यांनी तो लोखंडी नळीच्या मागे बंद करून टाकला आणि पुढे गेले. भुकेला माणूस भातावर तुटून पडतो आणि कोशिंबिरीला हात न लावता उठतो, त्यातलाच प्रकार. आता भात संपला आहे. खालून नुसतं पाणी येतं. साहेब म्हणतात विहीर मेली, आणि मी दोन वर्षं त्यांच्याशी भांडतो आहे की कोशिंबीर अजून पानावर आहे.

नवी विहीर खणायची तर डोंगराएवढं काम. इथे विहीर तयारच आहे. तळाशी सिमेंटचं बूच मारायचं, सुटून गेलेल्या थरासमोर नळीला भोकं पाडायची, आणि नळीत उभं असलेलं पाणी उपसून टाकायचं. पाण्याचा दाब हटला की तेल आपल्या पायानं आत येतं. बूच मारून झालं होतं, भोकं पाडून झाली होती, अडलं होतं ते उपशापाशी. उपसायचं साधन म्हणजे आपल्या मोटेची बहीणच. तारदोराला एक लोखंडी दांडा आणि त्यावर ओळीनं बसवलेल्या, वर तोंड केलेल्या वाट्या. खाली सोडताना पाणी वाटीच्या कडेनं वर निसटतं. ओढायला लागलं की वाटी पाण्याच्या भारानं फुगते, नळीला घट्ट बसते आणि डोक्यावरचं सगळं पाणी घेऊन येते. या वाट्या विलायतेहून यायच्या. आमच्या फाटून संपल्या होत्या आणि नव्या यायला पावसाळा उजाडला असता.

कलकत्त्याच्या एका जुन्या फिटरनं मला रस्ता दाखवला होता. मुंबईच्या गिरण्यांत कापडाचे गठ्ठे दाबायचे प्रेस पाण्याच्या जोरावर चालतात, त्यांच्या पोटात चामड्याच्या वाट्या असतात आणि त्या लालबागेत बनतात, असं तो म्हणाला. एवढ्या शब्दावर मी निघालो. आगबोटीतून ब्रह्मपुत्रा ओलांडली, कलकत्त्याला गाडी बदलली, मग नागपूर. बडनेऱ्याला गाडी उभी राहिली तेव्हा घर इतकं जवळ होतं की डब्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो, पण उतरलो नाही.

बोरीबंदरला उतरून ट्रामनं गिरगावात गेलो. आतेभाऊ अण्णा तिथे राहतो, कचेरीत कारकून आहे, बोलायला लागला की थांबत नाही. भिंतीभिंतीवर डांबरानं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं. मी पायरीवर बूट काढतो आहे तोच अण्णा म्हणाला, "या, या. राज्य पुनर्रचना आयोगानं तुम्हाला वेगळा विदर्भ देऊ केलाय म्हणे. आता आमच्याकडे पाहुणे म्हणून येणार, की परदेशी म्हणून?"

"चहा मिळणार असेल तर पाहुणा," मी म्हणालो.

"आणि मुंबई गेली तर?"

"मला चामड्याच्या वाट्या मिळाल्या म्हणजे झालं. मग तुमचं काय करायचं ते करा."

हे मी थट्टेत बोललो, पण अण्णाचा चेहरा उतरला. त्याच्या घरात त्या दिवसांत थट्टा चालत नव्हती. वहिनींनी मध्ये पडून पोहे आणले, वर ओलं खोबरं भुरभुरवलेलं, आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी लालबाग. गिरणीच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड, आत ओल्या कातड्याचा आणि चरबीचा वास इतका दाट की क्षणभर नाकाला रुमाल लावावा लागला. एका बाजूला दगडी टाकी, मध्ये स्क्रूचा प्रेस, फळीवर लोखंडाचे गोल साचे. मालकाचं नाव सोनू मिस्त्री. सावंतवाडीकडचा, उंच, मिशा पिळलेल्या, आणि स्वतःविषयी भलतंच चांगलं मत असलेला. आसपासच्या गिरण्यांचे प्रेस आपल्याच वाट्यांवर चालतात हे त्यानं मी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

मी त्याला विहीर समजावली. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "प्रेसमध्ये वाटी हातभर वर जाते, हातभर खाली येते. तुमची किती जाणार?"

"पोटात डोंगर मावेल इतकी खोल."

"मग फाटणार."

"फाटू दे. एकेक वाटी थोड्या फेऱ्या टिकली तरी मला पुरे. म्हणून तर पुष्कळ हव्यात."

फाटणारी वस्तू बनवायची ही कल्पना त्याला मुळीच आवडली नाही. सोनूची वाटी फाटली असं कुणी म्हणता कामा नये. मी सांगितलं की आसामात तुला कुणी ओळखत नाही, तेव्हा तो जरा हसला. मग चरबीवरून जुंपली. वाटी साच्यावर वाळली की तो तिला चरबी पाजतो. मी म्हणालो चरबी नको, जमिनीतून निघालेलं तेल चरबी खाऊन टाकतं आणि वाटी लिबलिबीत होते. वाट्या कोरड्या दे, तिकडे नेऊन मी चपडीचा (लाखेचा) हात देईन. त्याला पटेना. त्यानं चरबी पाजलेला एक तुकडा रॉकेलात बुडवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बोटानं दाबून बघितला. "खरं बोललात," म्हणाला, आणि लगेच कामाला लागला.

भिजवलेलं कातडं साच्यावर ताणायचं, प्रेसनं दाबायचं, कडा कापायच्या, सुतळीनं बांधून सावलीत वाळत ठेवायचं. मी रोज जाऊन बसत असे. फळीवर वाट्यांची रांग वाढत गेली. परवा या आणि घेऊन जा, असं सोनूनं सांगितलं त्या संध्याकाळी मी आनंदात ट्राममधून उभ्यानं गिरगावात आलो, आणि अण्णाच्या घरी रेडिओभोवती सगळा मजला गोळा झालेला दिसला.

मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार, असं रेडिओनं सांगितलं. शेजारचे एक म्हातारे उठले, चपला घालायला लागले, आणि उलट्या पायांत घातल्या.

त्यानंतरच्या दिवसांचं मी काय वर्णन करू? दुकानं बंद, ट्राम बंद, गिरण्या बंद. रस्त्यावर काचा आणि दगड. गल्लीच्या तोंडाशी पोलीस, गल्लीच्या आत पोरं. अश्रुधुराची नळकांडी पडली की बायका वरून ओले पंचे खाली टाकायच्या. पहिल्यांदा गोळीचा आवाज झाला तेव्हा मला वाटलं कुठेतरी फळी पडली. दुसऱ्यांदा तसं वाटलं नाही. अण्णा सकाळी बाहेर जायचा तो डोळे लाल करून परत यायचा आणि कुठे गेला होता ते सांगायचा नाही. आमच्या मागच्या चाळीतला एकजण गेला. त्याला मी जिन्यात दोनदा पाहिलं होतं. त्याच्या आईचा आवाज दुपारभर येत होता.

मला राग येत होता. कुणाचा, ते नक्की सांगता येणार नाही. गोळ्या घालणाऱ्यांचा तर होताच. पण महिना सरत चालला होता, माझं परतीचं तिकीट दादरहून होतं, वाट्या लालबागेत कुलपात होत्या, आणि मध्ये संचारबंदी. बोराच्या टोळीतली माणसं आता सिमेंटची पोती उतरवत असतील, हे डोळ्यांसमोरून हलेना. त्याच घरात वहिनी अण्णाची वाट बघत दारात उभ्या असायच्या, आणि मी आतून विहिरीची काळजी करत असायचो. त्यांच्याकडे बघून माझी मलाच चीड यायची, आणि तरी विहीर डोक्यातून जायची नाही.

गाडीच्या आदल्या दिवशी दुपारी संचारबंदी थोडा वेळ उठणार असं कळलं. वळकटी खांद्यावर टाकली आणि चालत निघालो. अण्णानं अडवलं नाही. जिन्यात त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "भायखळ्याच्या पुढे रस्त्याच्या मधून चाल. कडेनं जाशील तर दोन्हीकडचे तुला दुसऱ्या बाजूचा समजतील."

मधूनच चाललो. भायखळ्याच्या बाजारात भाजी नव्हती, नुसत्या टोपल्या पडल्या होत्या. एक जळकी बस आडवी उभी होती. माणसं भराभरा चालत होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळ्यांच्या पिशव्यांत तांदूळ आणि घासलेट. गिरण्यांच्या चिमण्यांना धूर नव्हता. एवढा मोठा भाग आणि एकही यंत्र चालत नाही, हे कानाला सहन होत नव्हतं.

सोनू शेडच्या मागच्या चाळीत राहतो. मला बघून त्याला खरोखर आनंद झाला. "आलात? मी म्हटलं पाहुणे गेले पळून. काय भियाव नको (घाबरू नका). तुमच्या वाट्या मी सांभाळल्यात. गिरणी बंद झाली त्याच दिवशी सगळ्या पाण्यात घातल्यात."

मला आधी कळलंच नाही. "कशात घातल्या?"

"पाण्यात. टाकीत."

मग कळलं. गिरणीचा संप असो, सुट्टी असो, दंगल असो, प्रेस थांबला की त्याची वाटी काढून पाण्यात ठेवायची, नाहीतर वाळून तडकते. हा गिरणगावचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. घरातल्या तान्ह्याला दूध पाजावं इतक्या सवयीनं सोनूनं ते केलं होतं, आणि तेही दगड पडत असताना शेड उघडून. माझ्या कोरड्या, साच्यावर बसलेल्या, चपडीला तयार झालेल्या वाट्या त्यानं साच्यावरून काढून टाकीत बुडवल्या होत्या.

माझं डोकं सटकलं. मी रागावलो की वऱ्हाडी बोलतो. "काऊन घातल्या पाण्यात? काऊन (का)? कोरड्या पाहिजे म्हनलं होतं ना मी तुले?"

तोही रागावला की मालवणीत जातो. "चरबी नको म्हटलास. पाणी नको म्हणून माका कोणी सांगल्यान (मला कोणी सांगितलं)?"

हे खरं होतं. पाण्यात घालू नकोस हे सांगावं लागेल, असं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वाटी सुकू द्यायची असते हे त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. आम्ही दोघं चाळीच्या चौकात एकमेकांवर ओरडत उभे राहिलो आणि वरच्या गॅलरीतून एक बाई म्हणाली, "आत जाऊन भांडा, गाडी येतेय." पोलिसांची गाडी येत होती. आम्ही शेडमध्ये घुसलो आणि दार ओढून घेतलं.

टाकीतून वाट्या काढल्या तेव्हा त्या फुगून पसरल्या होत्या. कातडं खराब झालं नव्हतं, पण आकार गेला होता. मी खाली बसलो. सोनूनं एक वाटी हातात घेऊन पिळली, उलटी केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "परत साच्यावर चढवू. सावलीत वाळायला दिवस लागतील. तुमची गाडी किती दिवस चालते?"

"पुष्कळ."

"मग गाडीत वाळतील. साचे घेऊन जा."

त्याचे साचे म्हणजे त्याचा धंदा. मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणायची ती वेळ नव्हती. आम्ही दोघांनी मिळून वाट्या साच्यांवर ताणल्या, सुतळीनं आवळल्या, दोन पोत्यांत भरल्या. दादरजवळ नायगावला त्याची बहीण राहते, रात्र तिथे काढायची आणि सकाळी गाडी गाठायची असं ठरलं. सोनू एक पोतं घेऊन माझ्याबरोबर निघाला. मी म्हणालो, तू कशाला? तो म्हणाला, "दोन पोती तुम्ही उचलणार? तेल शेंदणारे तुम्ही, ओझं उचलणारे नाही."

परळ ओलांडलं. भोईवाड्याच्या वळणावर पोलिसांनी अडवलं. हवालदार चाळिशीचा, कपाळावर पट्टी बांधलेला. पोत्यात हात घातला आणि त्याच्या हाताला ओल्या कातड्यात गुंडाळलेला, सुतळीनं आवळलेला लोखंडाचा गोळा लागला. बाकीचे दोघे एकदम मागे सरले. एकानं बंदूक उचलली.

"खाली ठेव," हवालदार म्हणाला. "हळू."

मी सांगायला लागलो. आसाम, विहीर, पाणी, उपसा, मोट. माझंच मला हास्यास्पद वाटत होतं. गोळा हातात धरून तो म्हणाला, "तेलाच्या विहिरीत चामड्याची वाटी? मला काय समजलात?" माझा आवाज चढायला लागला तसा सोनूनं माझा दंड इतक्या जोरात धरला की पुढे आठवडाभर दुखत होता. त्यानंच शांतपणे एका वाटीची सुतळी सोडली, वाटी साच्यावरून उतरवली आणि दोन्ही वेगळं करून दाखवलं. आत काही नव्हतं. कातडं आणि लोखंड.

हवालदारानं साचा हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं. मग म्हणाला, "कातडं घेऊन जा. लोखंड जाणार नाही."

"साच्याशिवाय वाट्या आकसून जातील," मी म्हणालो. "सगळं फुकट जाईल हो."

त्यानं कपाळावरच्या पट्टीला बोट लावलं. "हे असल्याच लोखंडानं झालंय. कालच. मला रात्री नायगावात घरी जायचंय, माझी पोरं वाट बघताहेत. लोखंड जाणार नाही."

तो दुष्ट नव्हता. आम्ही रस्त्यावर बसून वाट्या उतरवल्या. साचे एका खांबाशी रचून ठेवले. सोनू ते मागे टाकून चालायला लागला आणि त्यानं एकदाही वळून बघितलं नाही. नुसत्या ओल्या वाट्या पोत्यात एकमेकींवर लडबडत होत्या, आणि संचारबंदीची वेळ भरत आली होती.

सोनूच्या बहिणीला सगळे बाय म्हणतात. नायगावच्या चाळीतली तिची एक खोली, त्यात पाच माणसं, आणि आता आम्ही दोघं. तिनं आधी आम्हाला हातपाय धुवायला पाणी दिलं. पेज (पातळ मऊ भात) आणि भाजलेला खारा बांगडा पुढे ठेवला. मी मासे खात नाही, पण त्या संध्याकाळी खाल्ला, आणि चांगला लागला हे वऱ्हाडात कळू नये म्हणून इथे हळूच लिहितो. सोनू जेवला नाही. एक वाटी गुडघ्यावर ताणून बसला होता. सोडली की ती लगेच सुरकुतून आत वळायची.

मी मनात हिशेब सोडून दिला होता. बोराला तोंड कसं दाखवायचं, एवढाच विचार करत होतो.

बायनं भांडी घासायला घेतली होती. पितळेचं एक फुलपात्र (पाणी प्यायचं भांडं) विसळताना ती थांबली. भावाच्या हातातली वाटी ओढून घेतली आणि फुलपात्राच्या बुडावर चढवली. जरा सैल झाली. तिनं मोठं फुलपात्र घेतलं. घट्ट बसली. तिनं वर बघून विचारलं, "असलीच काय तां?" (असंच ना?)

सोनू ताठ झाला. मी तर उभाच राहिलो.

घरात होती तेवढ्या फुलपात्रांवर वाट्या चढवून झाल्या. मग बाय दाराशी गेली आणि गॅलरीत हाक मारली. बाहेर रस्त्यावर संचारबंदी होती, पण गॅलरी तर घरचीच. एकेका दारातून बायका यायला लागल्या. कुणी फुलपात्र आणलं, कुणी लहान तांब्या, कुणी देवाजवळचं पंचपात्र. कुणाचं बसतंय, कुणाचं नाही, याच्यावर वाद सुरू झाला. सोनू एकेक वाटी चढवून कडा अंगठ्यानं दाबायचा, मी सुतळी आवळायचो. रस्त्याच्या बाजूनं गोळ्यांचा आवाज आला. एकीनं आपल्या माणसाचं नाव घेऊन तो आत आहे का ते बघून ये म्हणून मुलीला पाठवलं. मुलगी येऊन आहे म्हणाली, तेव्हा ती परत खाली बसली आणि म्हणाली, "ही माझी वाटी सैल बसलीय, परत बांधा."

प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं होतं. लग्नात आलेलं, बारशाला आलेलं, गिरणीच्या बोनसात घेतलेलं. कोरलेलं नाव कातड्याखाली झाकलं जाऊ नये म्हणून त्या बजावत होत्या. "नाव वाचून परत पाठवा हां," एक म्हातारी मला म्हणाली. "माझ्या आईचं हाय." मी कुणाच्या पाया लवकर पडत नाही. तिच्या पडलो.

सकाळी दादरला गाडी वेळेवर आली नाही, पण आली. सोनूनं पोती डब्यात चढवली. त्याचे साचे भोईवाड्याच्या खांबाशी पडले होते आणि शेडसमोर पोलिसांची छावणी पडल्याचं सकाळी कळलं होतं. तुझं कसं होणार, असं मी विचारणार होतो. त्यानंच आधी सांगितलं, "ऊन लागू देऊ नका. आणि रोज उलट्या करा." मग तो गर्दीत गेला.

गाडीतल्या लोकांना वाटलं मी भांड्यांचा व्यापारी आहे. रोज सकाळी बाकाखालून पोती काढून मी फुलपात्रं उलटी-सुलटी करत असे. भुसावळला एका वाटीवर बुरशी दिसली, ती मी धोतराच्या टोकानं पुसली आणि दिवसभर तिला हातात धरून वारा दिला. कलकत्त्याला वाट्या हाताला कडक लागायला लागल्या. आगबोटीवर बसून मी त्यांना चपडी दिली. बोटीवरच्या लोकांनी वासाबद्दल तक्रार केली, ती मी ऐकली नाही. (भांडी मी पुढे सगळी घासून परत पाठवली. त्यातलं एक चेपलं होतं, आणि ते कुणाचं हे बायनं मला कळवायला कमी केलं नाही. सोनूला दोन साचे परत मिळाले, बाकीचे नव्यानं ओतून घ्यावे लागले.)

तेलाच्या गावी पोचलो तो महिन्याचा शेवटचा दिवस. स्टेशनवर कुणी नव्हतं. पोती सायकल-रिक्षात घालून सरळ विहिरीवर गेलो. सिमेंटची पोती रचून तयार होती आणि त्यांच्यावर बोराची टोळी हात गुडघ्यात घालून बसली होती. मोठे साहेब मनोऱ्याखाली उभे होते. मी त्यांना नमस्कार केला नाही, सूर्यास्तापर्यंत वेळ मागितला. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

पहिल्या फेरीला पाणी आलं. दुसरीला पाणी. वाट्या फाटत होत्या, आम्ही नव्या चढवत होतो. दुपार कलली. फाटक्यांचा ढीग पायाशी वाढला आणि फळीवर थोड्याच उरल्या. साहेब एकदा म्हणाले, "पाण्यावरची रंगीत साय म्हणजे तेल नव्हे." मी पुढची वाटी दांड्यावर चढवली. बोरा तारदोराला हात लावून उभा होता. पुढच्या फेरीला दोर हलका वर आला, खोलवरून काहीतरी खोकल्यासारखा आवाज झाला, वास आला, आणि फेस उसळून वर आला. त्याच्या मागून काळंहिरवं, जाड, कोमट तेल नळीच्या तोंडातून चबुतऱ्यावर वाहायला लागलं. पाणी नव्हतं. तेल होतं.

साहेबांनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं, आणि सिमेंटचे मजूर परत पाठवायला सांगितलं. फार मोठं तेल नाही ते, वर्तमानपत्रात छापून येण्याजोगं तर नाहीच. पातळ थर जेवढं देतो तेवढंच. पण ते तिथे होतं, मी म्हणत होतो तसंच होतं, आणि सुटून गेलेलं असूनही वाया गेलेलं नव्हतं. जिथे माणसं गोळ्या खाऊन पडत होती त्या शहरातल्या बायकांनी ते वर काढायला आपली घरची भांडी दिली होती, आणि तेल काय असतं, कुठे असतं, याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. हे आठवलं आणि मला एकदम रडू आलं. मी तोंड फिरवलं.

टोळी हसत होती, एकमेकांच्या अंगावर तेल उडवत होती. बोरा मात्र हात पुसत माझ्याकडे आला. चेहरा तसाच, स्टेशनवर होता तसा.

"बाबू," त्यानं विचारलं, "कल ड्यूटी है न?"

मी त्याच्याकडे पाठ करून धोतराच्या टोकानं डोळे पुसत होतो. त्याला वाटलं मी ऐकलं नाही. तो जवळ आला आणि त्यानं पुन्हा तेच विचारलं.

"है," मी म्हणालो. "कल है. परसों भी है."